सहा नंबरची गुंडाळी

२१ मे, रात्री साडेदहा

रोहिण्या तोंडावर आल्यात आणि आमच्या सोयाबीनच्या उगवण चाचण्या अजून उरकल्या नाहीत. गोदामात उकाडा एवढा की बारदाना भिजवून टाकला तरी तासाभरात कोरडा. लाईट दुपारपासून नव्हती.

चाचणीत अवघड काही नाही. ओल्या बारदान्यावर दहा-दहाच्या ओळींनी १०० दाणे मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, रोज पाणी शिंपडायचं, सहा-सात दिवसांनी उलगडून चांगले मोड मोजायचे. ७० भरले तर एकरी ३० किलो बियाणं, कमी भरले तर त्या मानानं जास्त. शाळेतलं पोरगं करील.

यंदा हे काम नव्या मुलीकडं आहे. दुपारी ती सहा नंबरची गुंडाळी घेऊन आली. वाळून पापड झालेली. रविवारी पाणी द्यायचं राहून गेलं होतं. म्हणाली, "सर, पाच नंबरला ७६ भरलेत. माल एकाच गावचा आहे. सहाला तेच लिहू का?"

माझ्या तोंडून शब्द फुटेना. दोन वर्षांपूर्वी मी तर कुणाला विचारलंही नव्हतं. सरळ लिहून मोकळा झालो होतो.

तेव्हा माल उशिरा आलेला, त्यात घरचं लग्न (कारणं माझ्याकडं कधी कमी पडत नाहीत). एका लॉटची चाचणी केलीच नाही, रजिस्टरला शेजारचा आकडा उतरवला. ते बियाणं नऊ जणांनी नेलं. पाऊस बरा होता, पण रानात हातहात जागा मोकळ्या राहिल्या. मी गाडीवर फिरून सगळ्यांना एकच सांगत सुटलो, पेरणी खोल पडली. सोयाबीन पाच सेंटिमीटरच्या खाली गेलं की वर यायला जड जातं, हे खरंच आहे. म्हणून तर ते खपलं. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात जागोजागी बियाणं उगवलं नाही, औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली, तेव्हाही पावसावर अन् पेरणीवर बोट दाखवणारे कमी नव्हते. मी ते नीट शिकून ठेवलं होतं.

आबा तेवढे गप्प बसले नाहीत. माझ्यासमोर बोटानं माती उकरली. "खोल कुठंय? दोन बोटांवर तर हाय." दाणा चिमटीत धरून दाबला. पाणी पिऊन टम्म फुगलेला, आत पिठूळ, आंबूस वास. मोड नाही. मळणीयंत्र जोरात पळवलं की सोयाबीनच्या पातळ सालीखालचा कोंब आतल्या आत दुखावतो, वरून दाणा टकाटक दिसतो. त्या लॉटची मळणी तशीच झाली होती, हे मला मागाहून कळलं. १०० दाणे भिजवले असते तर आधीच कळलं असतं. आबांनी उसने पैसे काढून दुबार पेरणी केली.

हे सगळं मुलीला सांगितलं. ती खाली बघत ऐकत होती. मग रजिस्टरला सहा नंबरपुढं "पाणी राहिलं, चाचणी पुन्हा" असं लिहिलं, खाली सही केली.

संध्याकाळी पारावर खरिपाची बैठक होती. तिथंही बोललो. ठरवून नाही, रजिस्टरमधली ती सही डोळ्यांपुढून जाईना. बोलताना घसा कोरडा पडला, मधेच "आपल्याकडून" म्हणालो, ते दुरुस्त करून "माझ्याकडून" म्हणालो. अध्यक्षांनी नंतर बाजूला घेतलं. "हे सभेत काढायची गरज होती का? उद्या दुसऱ्या दुकानात जातील लोक." जातीलही. त्यांचं चुकलं असं मला म्हणवत नाही.

शाबासकी कुणी दिली नाही. उलट एकानं दोन वर्षांचा राग काढला, तो वाजवी होता. आबा उठता उठता एवढंच म्हणाले, "बरं. मग पैशाचं कसं करायलास?"

आता नऊ जणांची यादी काढून बसलोय. नावं झाली. रकमेचा रकाना रिकामा आहे. बियाण्याचे धरायचे, की दुबार पेरणीचेही? आबांच्या नावापुढं पेन अडलंय.