गोदामातला माल आणि वहीतली उधारी

आमचे खते आणि शेतीऔषधांचे दुकान कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत आहे आणि गोदाम शाहूपुरीच्या सखल भागात. ऑगस्ट 2019 मध्ये राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेने 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडली, पाणी त्याच्याही दहा फुटांहून अधिक वर चढले आणि आमचे गोदाम कित्येक दिवस बुडून राहिले. पाणी ओसरल्यावर आत गेलो, तेव्हा युरियाच्या खालच्या थरातील गोण्या चपट्या पडलेल्या होत्या. खत विरघळून पाण्याबरोबर निघून गेले होते. विम्याच्या सर्वेक्षकांनी पहिला प्रश्न विचारला तो साठा नोंदवहीचा. आमच्याकडे खरेदीची बिले होती, विक्रीच्या पावत्या होत्या, परंतु त्या दिवशी गोदामात नेमके काय आणि किती होते, हे फक्त अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, तोंडपाठ होते. तोंडपाठ साठ्यावर दावा मंजूर होत नाही.

त्याच आठवड्यात दुसरी गोष्ट लक्षात आली, आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते. आमची बरीच उधारी प्रयाग चिखली, आंबेवाडी अशा नदीकाठच्या गावांत होती, आणि तिथला उभा ऊसही पाण्याखाली गेला होता. गोदामातला माल आणि वहीतली उधारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एक अडकली तर दुसरी तारून नेईल, असे आम्ही वर्षानुवर्षे धरून चाललो होतो. प्रत्यक्षात तो एकच पैसा आहे. आज तो गोणीच्या रूपात असतो, उद्या शेतकऱ्याच्या खात्यावर नावे पडतो, आणि रोख होऊन गल्ल्यात येईपर्यंत दोन्ही अवस्थांत त्याला सारखाच धोका असतो. म्हणून दोन्हींचा हिशेब एकाच दिवशी आणि सारख्याच कठोरपणे व्हायला हवा, असे मी तेव्हापासून मानते.

कोल्हापूरच्या उधारीचे वय समजून घ्यायचे तर ऊस समजून घ्यावा लागतो. आडसाली लागण जुलै-ऑगस्टमध्ये होते आणि तोड साधारण सोळा ते अठरा महिन्यांनी. लागणीच्या वेळी दिलेल्या खताचे पैसे ऊसबिल जमा झाल्यावर येतात. ऊस नियंत्रण आदेश, 1966 प्रमाणे कारखान्याने ऊस मिळाल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचे असतात, पण आमची उधारी त्याआधीच वर्षभर जुनी झालेली असते. बँकेला हे मान्य नसते. कॅश क्रेडिटची, म्हणजे माल आणि येणी यांच्या तारणावर मिळणाऱ्या फिरत्या कर्जाची, उचल ठरवताना बँका सहसा 90 दिवसांहून जुनी येणी धरतच नाहीत. त्यामुळे दुकानाची सर्वांत मोठी मालमत्ता कर्जाच्या गणितात शून्य ठरते आणि व्याज मात्र पूर्ण रकमेवर चालू राहते. खताची विक्री किंमत गोणीवर छापलेली असते आणि त्यातला आमचा वाटा थोडा असतो. एक लाखाच्या मालावर पाच हजार सुटत असतील आणि ते पैसे बँकेच्या 11 टक्के व्याजाने वर्षभर अडकले, तर तो व्यवहार तोट्याचाच असतो, जरी वहीत तो नफ्याचा दिसत असला तरी.

आता मी उधारीची यादी रकमेप्रमाणे न लावता हंगामाप्रमाणे लावते. ज्या उसासाठी माल दिला त्याचे बिल अजून निघालेले नसेल, तर ती बाकी जुनी असूनही निरोगी आहे. बिल निघाले, पैसे खात्यात आले आणि तरीही आपली बाकी तशीच राहिली, तर ती सहा महिन्यांची असली तरी आजारी आहे. अशा बाकीवर मी पहिल्या हंगामात चौथा हिस्सा, दुसऱ्यात निम्मा आणि त्यानंतर पूर्ण रक्कम संशयित म्हणून तरतुदीत टाकते, म्हणजे ती बुडेल असे धरून नफ्यातून आधीच वजा करते. हे प्रमाण आमच्या अनुभवातून ठरलेले आहे, कोणत्या नियमातून नव्हे. अशा तरतुदीची आयकरात वजावट मिळत नाही; बाकी प्रत्यक्ष बुडीत म्हणून खात्यातून काढली तरच मिळते, आणि 2010 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ती खरोखरच बुडाली हे सिद्ध करत बसावे लागत नाही. विक्रीवर भरलेला जीएसटी मात्र ग्राहकाने पैसे बुडवले तरी परत मिळत नाही.

मुदतीचा कायदाही डोळ्यांसमोर ठेवावा लागतो. तीन वर्षे उलटली की न्यायालयात दावा टिकत नाही, परंतु त्याआधी देणेकऱ्याने बाकी मान्य असल्याची लेखी सही दिली तर मुदत नव्याने मोजली जाते. ही सही मागणे हे सर्वांत अवघड काम आहे. "सही कशापायी, अण्णा? आजवर कधी बुडिवलंय व्हय?" असे एका वयस्कर शेतकऱ्याने विचारले, तेव्हा अण्णांना मान वर करता आली नाही. त्यानंतर आम्ही सर्वांनाच, नियमित पैसे देणाऱ्यांनाही, दिवाळी पाडव्याला खाते उतारा देऊन सही घेऊ लागलो. सगळ्यांचीच सही घेतली की कोणावर अविश्वास दाखवल्यासारखे होत नाही.

मालाच्या बाबतीत माझा आग्रह 31 मार्चच्या प्रत्यक्ष मोजणीचा आहे. लेखा मानकांप्रमाणे साठ्याचे मूल्य खरेदी किंमत आणि विकून हाती येऊ शकेल ती किंमत, यांपैकी जी कमी असेल ती धरायची असते. मुदत संपलेले कीटकनाशक विकताच येत नाही, म्हणून त्याचे मूल्य शून्य, मग ते कितीही महाग घेतलेले असो. आमच्या साठ्यात असे डबे वर्षानुवर्षे खरेदी किमतीने धरलेले होते. अखेरचा साठा एक लाखाने फुगवला की नफाही तेवढाच फुगतो, त्यावर कर भरला जातो, आणि तोच साठा पुढच्या वर्षी आरंभीचा साठा म्हणून खर्चात येतो. आता सहा महिन्यांत मुदत संपणाऱ्या औषधांची यादी मी दर महिन्याला काढते, कारण वेळेत कळवले तर काही कंपन्या माल परत घेतात. खताच्या 45 किलोच्या युरिया गोण्या मोजून ई-पॉस यंत्रातल्या, म्हणजे शेतकऱ्याचा अंगठा घेऊन खताची विक्री नोंदवणाऱ्या यंत्रातल्या, शिलकीशी ताडून पाहते. घाईत अंगठा न घेता दिलेली प्रत्येक गोणी तिथेच सापडते.

महापुराच्या वर्षी एक प्रश्न पडला होता: 31 मार्च 2019 चा ताळेबंद अजून सादर व्हायचा होता, मग भिजलेला माल त्यात कमी करायचा का? आमच्या सनदी लेखापालांनी नाही म्हणून सांगितले, कारण त्या तारखेला तो माल कोरडा आणि विकण्याजोगा होता. नुकसान पुढच्या वर्षाचे. खराब झालेल्या मालावर खरेदीच्या वेळी घेतलेली जीएसटीची वजावट मात्र परत करावी लागली.

या मार्चअखेर सर्वांत जुनी सात खाती बुडीत म्हणून काढली. नोंद अण्णांनी स्वतः केली आणि प्रत्येक नावापुढे गाव आणि शेवटची सही कधी झाली ती तारीख लिहून ठेवली. त्यांतले कोणी पुढे पैसे आणून दिले, तर ती रक्कम त्या वर्षाचे उत्पन्न म्हणून दाखवायची आहे.