डीपीचा मध्यम

परभणी, ९ मे, रात्री साडेअकरा

रेकॉर्डमधला बेस ऐकून वहीत उतरवायला कूलर बंद करून बसलोय. घामानं पान ओलं होऊ नये म्हणून मनगटाखाली रुमाल घेतलाय. दुसरा इलाज नाही. कूलरच्या घरघरीत गाणारा ऐकू येतो, गिटार ऐकू येते, पण बेस, म्हणजे सगळ्यात खालच्या स्वरांचं वाद्य, बुडतो. बेस गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली तर सेकंदाला जेमतेम ४१ कंपनं होतात. मोबाईलच्या स्पीकरला एवढं खालचं झेपतच नाही. तरी स्वर कळतो, कारण त्याच्या दुपटी-तिपटीचे वरचे आवाज पोचतात आणि त्यावरून खालचा स्वर आपला मेंदूच उभा करतो. म्हणून हेडफोन. त्याच्या फोमचे तुकडे पडलेत, पण दुसरा नाही.

सध्या पॉल चेंबर्स, जॅझमधला डबल बेस वाजवणारा. माइल्स डेव्हिसच्या १९५९ च्या 'काइंड ऑफ ब्लू'मधलं 'सो व्हॉट'. तीन आठवडे एकच रेकॉर्ड, आणि अजून कंटाळा नाही. इथं मुखडा बेस म्हणतो. एरवी सगळ्यांच्या पाठीमागं उभा असणारा माणूस पुढं येऊन बोलतो आणि बाकीचे त्याला दोनच ठोक्यांत उत्तर देतात. आधी पियानो, मग ट्रंपेट आणि सॅक्सोफोन. कीर्तनात बुवांच्या मागं टाळकरी उभे असतात ना, तसं. मला हे फार आवडतं.

मी भातखंड्यांच्या स्वरलिपीत लिहितो, शाळेपासून तीच हाताला आहे. पाश्चात्त्य 'डी' हा स्वर सा धरला की सरळ काफी थाट: ग कोमल, नी कोमल. मंद्रासाठी, म्हणजे खालच्या सप्तकासाठी, स्वराखाली टिंब. अर्धं पान टिंबांचंच. चार-चार मात्रांचे ३२ घर आहेत. पहिले १६ काफीत, पुढचे ८ अख्खा सा अर्ध्या स्वरानं वर, शेवटचे ८ परत जागेवर. ह्या मधल्या आठांना मी लाल शाई वापरतो. तंबोऱ्यात वाढलेल्या कानाला सा हलणं अजून जड जातं. दर वेळी वाटतं जमीन सरकली.

मुखडा संपला की चेंबर्स चालू लागतो, दर मात्रेला एक स्वर. गंमत चौथ्या मात्रेत आहे. पुढच्या घराचा पहिला स्वर जो असेल, त्याच्या अर्धा स्वर अलीकडे किंवा पलीकडे तो बऱ्याचदा पाय टेकवतो. तो स्वर थाटाबाहेरचा असतो, म्हणून मी पहिल्यांदा चूक समजून खोडत होतो. पाच-सहा वेळा खोडल्यावर उमगलं की ती पायरी आहे, उंबरठ्यावर जायची. सगळे पुन्हा लिहून काढले.

वेग साठ टक्क्यांवर आणतो. एवढ्यानंही नाही कळलं तर सगळं एक सप्तक वर चढवतो. बेस मग आपल्या बोलण्याच्या पट्टीत येतो आणि एकदम ओळखीचा होतो. टेपच्या काळात दुप्पट वेगानं वाजवून हेच साधायचे.

१२ मे

तीन दिवस स्वरच जुळत नव्हता. माझ्याकडं आहे ती एका जुन्या कॅसेटवरून उतरवलेली प्रत. माझ्या बेस गिटारच्या तारा ट्यूनरवर लावल्या की रेकॉर्ड चढं, रेकॉर्डला लावल्या की ट्यूनर नाही म्हणतो. कान गेला असं वाटून दोन रात्री वही उघडली नाही.

आज वाचलं. २ मार्च १९५९ च्या त्या बैठकीत मुख्य टेपचं यंत्र किंचित हळू फिरत होतं. हळू भरलेलं बरोबर वेगानं वाजवलं की स्वर चढतोच. पहिल्या बाजूची तिन्ही गाणी तशीच बाजारात गेली, १९९२ च्या आवृत्तीत दुरुस्त झाली. मधली तेहतीस वर्षं ती रेकॉर्ड लावून शिकणारे सगळे तारा ताणून बसले असणार. हे वाचल्यावर मी नुसता बसून राहिलो. कान बरोबर होता. आता तारा रेकॉर्डलाच लावून ठेवल्यात, वही संपेपर्यंत.

१४ मे

आबा गच्चीवर अंथरूण टाकायला आले. "काय लिहायलास रे एवढं रातच्याला?" त्यांना हेडफोन दिला. पिंक फ्लॉइडचं 'मनी' लावलं, १९७३ चं. बेसचा तुकडा सात मात्रांचा. आबांनी भजनी मंडळात चाळीस वर्षं पखवाज वाजवलाय, मांडीवर बोटं लगेच चालली. रूपकाचा ठेका धरला आणि दोन आवर्तनांत थांबले.

"खालचा हात उलटा पडायलाय."

मी ठेका लिहून पाहिला. ती ती ना, धी ना, धी ना. रूपकाची सम, म्हणजे पहिली मात्रा, 'खाली'च्या जागी येते; पहिल्या तीन मात्रा डग्गा गप्प. इथं बेस पहिल्याच मात्रेवर जोरात पाय ठेवतो. मात्रा सातच, पण जिथं आपला डावा हात उचललेला, तिथं त्यांचं वजन. मी हे गाणं वर्षभर ऐकतोय, मला हे दिसलं नव्हतं. गिटारचा एकल भाग आला तेव्हा ते चारात जातं, आबांनी तेही न सांगता पकडलं.

१७ मे

आज लिहायला हवंच असं झालं.

'सो व्हॉट'च्या मुखड्यात बेसचं वाक्य संपतं आणि उत्तर येतं, त्या मधल्या जागेत मी बारीक अक्षरात मध्यम, म्हणजे म, लिहिला होता. लांबवलेला, अगदी हलका. तीन आठवडे मला तो ऐकू येत होता. थाटात बसतो, जागेला शोभतो. मी तर शेजारी 'सुंदर' असंही लिहून ठेवलंय.

रात्री दहाला लाईट गेली. लॅपटॉप बॅटरीवर होता, चालू ठेवला. गल्लीतले कूलर, पंखे एकदम बंद. पहिल्यापासून लावलं. वाक्य संपलं, आणि मध्यम नव्हता.

परत लावलं. नव्हता. चार वेळा लावलं. तिथं चेंबर्स काहीच वाजवत नाही.

अकरा चाळीसला लाईट आली आणि मध्यम आला. खिडकीतून. कोपऱ्यावरच्या डीपीचा, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरचा. आपली वीज ५० हर्ट्झची, ट्रान्सफॉर्मर तिच्या दुपटीनं, १०० वर घुमतो. बेसची मोकळी 'जी' तार ९८ हर्ट्झची, आणि 'जी' म्हणजे माझ्या सा चा मध्यम. त्यात माझी प्रत चढी, तारा तिला लावलेल्या, म्हणजे माझा 'जी' शंभराला टेकलेला. फोम फाटलेल्या हेडफोनमधून तो आत येत होता आणि जिथं बेस थांबायचा तिथं उघडा पडायचा.

मध्यम खोडला. त्या जागी विश्रांतीची आडवी रेघ काढली. आता वाक्य वाचलं तर वेगळंच वाटतं: चेंबर्स विचारतो आणि खरोखर थांबतो, उत्तर येईपर्यंत. त्या थांबण्यावरच मी तीन आठवडे स्वर लिहीत होतो. 'सुंदर' हा शब्द मात्र खोडला नाही, तो आता रेघेच्या शेजारी आहे.

वहीत आणखी चौदा ठिकाणी असा लांबवलेला मध्यम आहे. आत्ता डीपी चालू आहे, आत्ता काही कळायचं नाही. उद्या लाईट गेली की पहिल्या पानापासून.