दोघांच्या भांडणात आमचा लाभ झाला का, असे विचारता म्हणून

अमेरिका आणि चीन यांचे बिनसले की नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या आमच्यासारख्या वर्कशॉपवाल्यांचे फावते, असे धरूनच नातेवाईक आणि बँकेतले साहेब मला विचारतात, "मग, किती ऑर्डरी वाढल्या?" एकदाच नीट सांगतो.

एप्रिल 2025 मध्ये अमेरिकेने चिनी मालावरचे नवे आयात शुल्क 145 टक्क्यांवर नेले, तेव्हा एका निर्यातदारामार्फत आमच्याकडे पितळी बुशची (यंत्रातल्या दांड्याभोवती बसणाऱ्या पोकळ नळीची) चौकशी आली. तोवर तो माल चीनमधून जात असे. सॅम्पल तीन आठवड्यांत हवे होते. नेहमीच्या गिऱ्हाइकाचे काम थांबवून मी एक सीएनसी (संगणकावर चालणारी मशीन) मोकळी केली, नग पकडायचे सॉफ्ट जॉ स्वखर्चाने करून घेतले आणि बोअर, म्हणजे आतले भोक, मापात बसेपर्यंत दोन रात्री ऑपरेटरशेजारी उभा राहिलो. 9 मे रोजी बारा नगांची पेटी गेली. 12 मे रोजी जिनिव्हात दोन्ही देशांनी 90 दिवसांसाठी माघार घेतली, 145 चे 30 झाले, आणि त्याच आठवड्यात निर्यातदाराचा फोन आला, "माल उत्तम आहे हो, पण पार्टी जुन्याच सप्लायरकडे राहतेय."

घाई केली, असे म्हणणाऱ्यांनी सांगावे की तीन आठवड्यांच्या मुदतीत वाट कशी पाहायची असते. चूक माझी झाली ती वेगळीच: नेहमीच्या गिऱ्हाइकाचा माल आठ दिवस उशिरा गेला आणि मी त्याला वीज नसल्याचे खोटे कारण दिले. ते मला आजही टोचते.

जुलै 2018 मध्ये 34 अब्ज डॉलरच्या चिनी मालावर पहिले 25 टक्के शुल्क लागले, तेव्हा "आता चीनचे काम इकडेच येणार" असे मीच चहाच्या टपरीवर ठासून सांगत होतो. काम हलले, पण बरेचसे व्हिएतनाम आणि मेक्सिकोकडे, आणि तिथेही काही कारखान्यांत पैसा चिनी कंपन्यांचाच. शिवाय आमच्या मशीनवरचे इन्सर्ट, म्हणजे धातू कापणारी बदलती पाती, टंगस्टन कार्बाइडची असतात. फेब्रुवारी 2025 मध्ये चीनने टंगस्टनच्या निर्यातीवर नियंत्रण आणले, त्याची झळ आम्हालाही लागली. त्याच वर्षी ऑगस्टअखेर तर भारताच्याच बऱ्याच मालावर अमेरिकेचे 50 टक्के शुल्क बसले.

तरीही 2018 चा मी अगदीच चुकलो होतो, असे मला म्हणवत नाही. चौकशी खरोखर आली होती आणि आमचा माल पासही झाला होता. पुढच्या वेळी सॅम्पलचे पैसे आधी मागायचे, असे ठरवले आहे. ते मागितल्यावर पार्टी थांबेल का, हे मात्र मागितल्याशिवाय कळणार नाही.