मसाकाला दहा महिने: ४६ किलोंतलं काय कामाला आलं

युगांडातल्या एन्टेबे विमानतळावर उतरलं की सामानाच्या पट्ट्याआधी आरोग्य खात्याचं टेबल लागतं. तिथल्या बाईंनी 'यलो कार्ड' मागितलं आणि मला घाम फुटला. पीतज्वराच्या लशीचा तो दाखला मी इतका जपून ठेवला होता, की तो मोठ्या बॅगेच्या तळाशी होता! पाऊण तास ताटकळल्यावर सोबत माणूस देऊन बॅग आणवली. तेव्हा तो पासपोर्टातच ठेवा. लस निघण्याच्या किमान १० दिवस आधी घ्या, दाखला तिथून पुढेच ग्राह्य धरतात. एकदा घेतली की जन्मभर चालते. परतताना मुंबईतही तो लागतो. नसेल तर ६ दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात.

मी निवृत्त गणित शिक्षिका, कराडची. युगांडात कंपालाच्या नैर्ऋत्येला साधारण १३० किलोमीटरवर मसाका आहे, वाटेत कायाब्वेला विषुववृत्त ओलांडावं लागतं. मसाकाजवळच्या एका गावातल्या शाळेत मी दहा महिने शिकवलं. तिकिटावर २३ किलोंच्या दोन बॅगा होत्या आणि मी दोन्ही काठोकाठ भरल्या.

त्यात दोन किलो शेंगदाण्याची चटणी. तिथे पोचल्यावर पहिल्याच जेवणात काय, तर मातोके, म्हणजे वाफवलेल्या कच्च्या केळ्यांचा गोळा, आणि त्यावर दाण्याच्या कुटाचं दाट कालवण. दाणे तिथे पोत्यांनी मिळतात. तूरडाळ, मोहरी, हिंग कंपालातल्या भारतीय दुकानांत मिळतं. चपाती तर रस्त्यावर भाजतात, तिच्यात ऑम्लेट गुंडाळलं की 'रोलेक्स'. तेव्हा घरून फक्त गोडा मसाला, मेतकूट आणि आमसुलं न्या. आणि हो, तीन लिटरचा कुकर! राजमा कोळशावर तासन्‌तास शिजतो. त्या कोळशाच्या चुलीला तिथे 'सिगिरी' म्हणतात. आपल्या शेगडीची सख्खी बहीणच की! कुकरची जादा रिंग आणि शिट्टी विसरू नका. माझी रिंग चौथ्या महिन्यात गेली आणि मग बाकीचे सहा महिने तो कुकर नुसतं पातेलं म्हणून वापरला.

आता कपडे. माझं सगळ्यात जास्त चुकलं ते इथेच. भाचीने 'लवकर वाळणारे घे' म्हणून सिंथेटिक कपडे घ्यायला लावले. पण तिथे मँगो फ्लाय नावाची माशी दोरीवरच्या ओल्या कपड्यांवर अंडी घालते. ते कपडे तसेच घातले की अळी कातडीत शिरते आणि फोड येतो. त्यावर उपाय एकच, प्रत्येक कपड्याला कडक इस्त्री. शिवणी, नाडी, आतले कपडे, काही सोडायचं नाही. कोळशाच्या इस्त्रीखाली माझ्या दोन सिंथेटिक कुर्त्यांची चाळण झाली. सुतीच न्या, गडद रंगाचे. रस्ते लाल मुरुमाचे आहेत, त्यामुळे पांढरा कपडा आठवड्यात विटकरी होतो. गावच्या शाळेत शिक्षिकांनी गुडघ्याखाली जाणारा स्कर्ट किंवा झगा घालावा अशी अपेक्षा असते, माझ्या कुर्ता-सलवारीला कुणी हरकत घेतली नाही. लष्करी छापाचं काहीही नेऊ नका, टोपीसुद्धा. सामान्य माणसाने ते घालायला तिथे कायद्याने बंदी आहे.

समारंभाला साडी नेली नाही म्हणून हळहळू नका. तिथल्या बागांडा समाजाच्या बायका उंच खांद्यांचा, कमरेला रुंद पट्टा असलेला 'गोमेसी' घालतात. त्याचं नाव ज्या गोम्स शिंप्यावरून पडलं तो गोव्याचा. हे कळल्यावर मी तिथेच एक शिवून घेतला.

वीज वरचेवर जाते, डोक्याला बांधायचा दिवा हवाच. भिंतीतले प्लग ब्रिटिश पद्धतीचे, तीन चौकोनी पायांचे. चार अ‍ॅडॅप्टर घेण्यापेक्षा घरचा एक्स्टेंशन बोर्ड आणि एकच अ‍ॅडॅप्टर न्या. पॉवर बँक हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत चालत नाही.

डॉलरच्या नोटा नव्या कोऱ्या घ्या. जुन्या किंवा जराशा फाटक्या नोटा परत करतात, आणि ५० व १०० च्या नोटांना सुट्यांपेक्षा चांगला भाव देतात.

मलेरियाच्या गोळ्यांचं निघण्याआधीच डॉक्टरांना विचारा, कोणती आणि किती दिवस हे तेच ठरवतील. मला डॉक्सिसायक्लिन दिली होती. तिने ऊन पटकन बाधतं, त्यामुळे छत्री ऊन आणि पाऊस दोन्हीला कामी आली. बीपीच्या गोळ्या चिठ्ठीसकट न्या, आणि चश्मे दोन. कामासाठीचा परवाना संस्थेकडून निघण्याआधीच पक्का करून घ्या. पर्यटक व्हिसावर जाऊन 'पुढे बघू' म्हणू नका.

येताना बॅगेचं वजन ११ किलो भरलं. दुसरी बॅग शाळेच्या स्वयंपाकीणबाईंना देऊन आले, कुकरसकट. रिंग टपालाने पाठवायची राहिली आहे. त्या बाजूला कुणी निघालं असेल तर जरूर सांगा.