एका ओळीतल्या पाच बहिणी

मंगळवार, रात्री

ताईने इस्राएलमधल्या अश्दोदहून आज पुन्हा बाळासाठी नावांची यादी पाठवली. तिकडचं सांख्यिकी खातं नव्याने ठेवलेल्या नावांची मोजणी करून आकडे जाहीर करतं, त्यातून तिने उतरवून घेतलेली. मुलींमध्ये तामार, आविगाईल, नोआ, याएल. मुलांमध्ये दाविद, अरिएल, लावी. खाली लिहिलंय, "यातलं कुठलंही ठेव, उद्या पोर इकडे आलं तरी अडणार नाही."

ताईला दोन्ही खेपेला सोनोग्राफीतच कळलं होतं, मुलगा की मुलगी ते. तिला एकच नाव शोधायचं होतं. आपल्याकडे 1994 च्या कायद्याने ते विचारताही येत नाही, आणि तो कायदा हवाच. म्हणजे मला दोन नावं शोधायची आहेत. आईला तर हा सगळा खटाटोपच पसंत नाही. बाळ हातात येईपर्यंत नाव तोंडातून काढू नये, असं तिचं म्हणणं. म्हणून वहीत लिहितेय.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. हिब्रू नाव हवं, यावर आमच्या घरात वाद नाही. आडनाव गावाचं, भाषा मराठी, जेवण नारळाच्या रसातलं. आपण कोण आहोत हे हजेरीपटावर दिसायचं ते पहिल्या नावातूनच. पण ते नाव बुरसटलेलं नको, एवढीच माझी अट आहे, आणि ती मी माझ्या नावामुळे घातली आहे.

माझं नाव रोनित. मी जन्मले तेव्हा आत्याने डिमोनाहून पत्रात लिहून पाठवलं होतं, 'इकडचं मॉडर्न नाव' म्हणून. ठाण्याच्या शाळेत अख्ख्या वर्गात मी एकटी रोनित, आणि त्याचा मला फार अभिमान होता. मग ताईच्या पहिल्या बाळंतपणाला अश्दोदला गेले. तिथल्या दवाखान्यात काउंटरवरून नाव पुकारलं तशी मी उठले, आणि माझ्याबरोबर आणखी दोघी उठल्या. दोघीही साठीच्या आसपासच्या, एकीच्या हातात काठी. तिकडे रोनित, ओर्ना, इलाना, नुरित ही सगळी पन्नास-साठच्या दशकांतली नावं. नवं राष्ट्र, नवी भाषा, आणि देशोदेशींची जुनी नावं टाकून घेतलेली ही कोवळी नावं. आत्याने ऐकली, तिला आवडली. पत्र ठाण्याला पोचलं तोवर तिकडे सिगलित, लिमोर, केरेन सुरू झालं होतं. आता त्याही आत्या-मावश्यांच्या वयाच्या झाल्या.

आपल्याकडे एके काळी प्रत्येक वर्गात दोन-दोन सुनीता आणि संगीता असायच्या, तसंच. आज कुणी मुलीचं नाव सुनीता ठेवत नाही. रमा मात्र ठेवतात, आणि ते ताजं वाटतं.

शनिवार, शब्बाथ (आमचा विश्रांतीचा दिवस) सुटल्यावर

सिनेगॉगमध्ये, आमच्या प्रार्थनामंदिरात, आज पिन्हासचा पाराशा होता, म्हणजे धर्मग्रंथातला या आठवड्याला वाचायचा भाग. बाहेर पाऊस इतका, की प्रार्थना चालवणाऱ्या हजानचा आवाज मधूनमधून बुडत होता. मी मराठी भाषांतर उघडून बसले होते. झलोफहादच्या मुलींची गोष्ट आली. बाप वाळवंटात वारला, मुलगा नाही, तर बापाचा वाटा आम्हाला द्या, असं या पाच बहिणी प्रेषित मोशेसमोर, सगळ्या सरदारांसमोर उभं राहून सांगतात. मोशे देवाला विचारतो, आणि देव म्हणतो, मुलींचं बरोबर आहे. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट. आज मात्र नावांवर बोट थांबलं. माहला, नोआ, होग्ला, मिल्का, तिर्त्सा.

पाचही एका बापाच्या, एका ओळीतल्या, पाचही नावं सारखीच जुनी. त्यातली नोआ 2000 नंतर कितीतरी वर्षं इस्राएलमध्ये ज्यू मुलींच्या नावांत पहिली होती. तिर्त्सा म्हटलं की तिकडे लोकांना एखाद्याची आजी आठवते. होग्ला कुणी ठेवल्याचं मी ऐकलेलं नाही. म्हणजे नाव जुनं असल्यामुळे ते जुनाट होत नाही. आपल्या आधीच्या एक-दोन पिढ्यांनी ते वापरून वापरून झिजवलं, की आपल्या कानाला ते तसं लागतं. तीन हजार वर्षांची तामार आज नवी कोरी आहे, आणि माझं सत्तर वर्षांपूर्वीचं नाव जुनं झालं. यादीतल्या वरच्या नावांचंही उद्या हेच होणार. नोआ, तामार, आविगाईल या सगळ्या एकदमच आज्या होतील, आणि कुठल्यातरी काउंटरवर नाव पुकारलं की पाच जणी उठतील. मला ताईच्या यादीतलं नाव नको, ते याचसाठी.

मिल्का. हे नाव आमच्या घरात आहे. बाबांची आई, पनवेलची. तिच्या तांब्याच्या हंड्याच्या काठावर टाचणीच्या टोकाएवढ्या ठिपक्यांनी कोरलंय, 'सौ. मिल्काबाई'. तिच्यामागे ते 'बाई' लागलेलंच मी कायम ऐकलं, म्हणून नुसतं मिल्का हे केवढंसं, टवटवीत नाव आहे हे कधी जाणवलंच नाही. माझ्या वयाची एकही मिल्का मला माहीत नाही. ताईच्या मुलांच्या वयाचीही नाही.

रविवार

बाबांकडे विषय काढला आणि तासभर ते बोलत राहिले. आमच्या लोकांनी नावं किती वेळा बदलली याचा त्यांना नाद आहे. कोकणात तेलाचे घाणे चालवत असताना, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून लोक शनिवार तेली म्हणायचे त्या काळात, पुरुषांच्या नावांना सर्रास 'जी' लागायचा. मांडवीतलं शाआर हारहामिम, मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, 1796 मध्ये बांधलं ते सामाजी हसाजी दिवेकरांनी. सामाजी म्हणजे सॅम्युएल, हसाजी म्हणजे इझिकेल. आज त्या रस्त्याचं नाव सॅम्युएल स्ट्रीट आहे. इंग्रजी शाळा आल्या तसे सगळे सॅम्युएल, बेंजामिन, मोझेस, सोलोमन झाले. महालक्ष्मीहून वरळीला जाताना ई. मोझेस रोड लागतो, ते एलायजा मोझेस मुंबईचे महापौर होते. मग 1948 नंतर निम्मं खानदान तिकडे गेलं आणि सॅम्युएलचा श्मुएल झाला. "माणूस तोच रे," बाबा म्हणाले. मला ते लहानपणापासून 'रे'च म्हणतात.

त्यांना सामाजी हे नाव अतिशय आवडतं. मलाही ऐकायला गोड वाटलं. पण ठाण्याच्या शाळेत पहिलीतल्या मुलाला सामाजी म्हणून बसवायचं धाडस माझ्यात नाही.

सोमवार

सासूबाईंना रेबेका हवंय. त्यांची आई माझगावच्या सर एली कदूरी शाळेत शिकली, तेव्हा रेबेका रूबेन मुख्याध्यापिका होत्या. 1922 पासून 1950 पर्यंत त्यांनी ती शाळा चालवली. आमच्या समाजातल्या किती मुली त्यांच्यामुळे शिकल्या, नोकरीला लागल्या, हे सासूबाई सांगतात तेव्हा त्यांचा आवाज बदलतो. हट्ट म्हणून त्या हे मागत नाहीत, आणि म्हणूनच नाही म्हणणं जड जातंय. रेबेका इथे चालेलही. तिकडे मात्र ती रिव्का होणार, आणि मला एकाच मुलीची कागदावर दोन नावं नकोत. मिल्का दोन्हीकडे मिल्काच.

हे दोन्हीकडे चालणं फार महत्त्वाचं आहे. तिकडे गाय नावाचे चांगले धिप्पाड तरुण भेटले मला. इथे त्या मुलाचे शाळेत काय हाल होतील! 'शीर' तिकडे गाणं, इथे डोकं. मोर मात्र खरंच छान, इकडेही आणि तिकडेही, पण ते मुलाचंही असतं आणि मुलीचंही, आणि बाबांना ते पक्ष्याच्या पलीकडे ऐकूच येत नाही.

गुरुवार

नवऱ्याला मिल्का पटलं. त्याने स्वयंपाकघरातून दोन-तीनदा मोठ्याने हाक मारून पाहिली, एकदा लाडात, एकदा रागावून, एकदा शाळेच्या बसला उशीर झाल्यासारखी. तिन्ही वेळा नाव टिकलं. सासूबाईंनी ऐकलं. थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "पाळण्यात घालताना कानात रेबेकाही सांगू, कागदावर मिल्का लिही." मला हे शंभर टक्के मान्य आहे. जुन्या घरांत दोन नावं असायचीच.

जन्माची नोंद एकवीस दिवसांत करावी लागते, पण नावाचा रकाना रिकामा ठेवता येतो आणि वर्षाच्या आत फुकटात भरता येतो. हे कळल्यावर आईही जरा निवांत झाली. मुलगा झाला तर तसंही आठव्या दिवशी, मिलाच्या म्हणजे सुंतेच्या वेळी, एलियाहू हन्नाबीची (प्रेषित एलियाची) खुर्ची मांडल्यावरच नाव घेतलं जाईल. तोपर्यंत तो नुसता बाळ.

त्याचंच नाव अडलंय. नवरा अरिएलवर अडून बसलाय, आणि अरिएल तिकडे गल्लोगल्ली आहेत. मला बिन्यामिन आवडतं. ते फार डोक्यावर चढत नाही आणि कधी पडतही नाही, प्रत्येक पिढीत कुणीतरी असतोच. बाबा म्हणाले त्यांच्या आजोबांचे थोरले भाऊ बेंजामिन होते आणि घरात त्यांना बन्नाजी म्हणत. बन्ना! घरात हाक मारायला याहून चांगलं काय असणार? नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही. उद्या किडूशसाठी, म्हणजे शब्बाथच्या प्रार्थनेतल्या सरबतासाठी, काळे मनुके भिजत घालायचे आहेत, तेव्हा तो स्वयंपाकघरात असतो. तेव्हाच विचारते.