अख्खा वॉर्ड एका तालात

"सिस्टर, नाडी बघून झाली ना? मग हात कशाला धरून ठेवलाय?" आजोबांच्या मुलीने विचारलं. आमची विद्यार्थिनी नुसती हसली आणि मनगट तसंच धरून उभी राहिली. एक डोळा घड्याळावर, दुसरा आजोबांच्या छातीवर.

ती श्वास मोजत होती. कोणी मोजतंय हे कळलं की माणसाचा श्वास बदलतो, म्हणून हे नाडी बघण्याचं सोंग. चांगलं मिनिटभर. आकडा आला २६.

मग मी चार्ट उघडला. ताप, बीपी, नाडी दर वेळी वेगळी. श्वसनाच्या रकान्यात मात्र १८, १८, १८. शेजारच्या खाटेवर १८. त्याच्या पलीकडेही १८! अख्खा वॉर्ड एका तालात श्वास घेतोय म्हणायचा.

मोठ्या माणसाचा आरामात असतानाचा दर १२ ते २०. त्यामुळे १८ लिहिलं की कोणी काही विचारत नाही. बोटाला लावतो ते यंत्र ऑक्सिजन दाखवतं, श्वास मोजत नाही. उलट शरीर भराभर श्वास घेऊन ऑक्सिजन सावरत असतं, तोवर तिथला आकडा छानच दिसू शकतो. ब्रिटनमध्ये रुग्णाची तब्येत बिघडतेय का हे गुण देऊन ओळखायचा न्यूज-२ (NEWS2) नावाचा तक्ता आहे. त्यात मिनिटाला श्वास २५ किंवा जास्त असले तर त्या एकाच गोष्टीला ३ गुण, म्हणजे तातडीने बघायला या.

डॉक्टरांना बोलावलं. एक्स-रे झाला, उपचार सुरू आहेत.

राउंडला बीपी सगळे विचारतात. श्वसनाचा आकडा तुमच्याकडे शेवटचा कोणी कधी विचारला होता?