बोर्डाचा ब्रेक, नोंद ८ : पेडलखालचा बर्फ

शनिवारी कोलोरॅडोतल्या फ्रिस्कोबाहेरच्या आपल्या नेहमीच्या छोट्या उतारावर माझा स्नोबोर्डचा ब्रेक, म्हणजे पायातून सुटलेला बोर्ड बर्फात पंजे रोवून थांबवणारी सोय, सलग अकरा वेळा उघडला. अकराव्या वेळी तापमान उणे १३ होतं आणि बोर्ड सकाळी आठपासून बाहेरच होता. मागच्या नोंदीत मी लिहिलं होतं की फेब्रुवारी संपेपर्यंत गोठण्याचा प्रश्न सुटला नाही तर हे काम बंद करून लीशवर (बोर्ड पायाला बांधणाऱ्या पट्ट्यावर) परत जाईन. ते वाक्य मी आनंदाने मागे घेते.

त्याआधीचे पाच आठवडे मात्र चुकीच्या जागी खणण्यात गेले. ते सगळं लिहिते, कारण तुमच्यापैकी तिघंजण केबलवालाच आराखडा बनवताय.

नोंद ४ नंतरची मांडणी आठवत असेलच. पेडल पुढच्या पायाखाली आणि पंजे मागच्या बाइंडिंगच्या (बूट बोर्डाला बांधणाऱ्या पकडीच्या) आतल्या बाजूला, रिकाम्या इन्सर्टवर (बोर्डातल्या स्क्रूच्या भोकांवर) बसवलेले. मधे सायकलची ब्रेक-केबल. पाय ठेवला की केबल ओढली जाते आणि पंजे वर, पाय काढला की स्प्रिंग पंजे खाली ढकलते. चालक (ब्रेक चालवणारा भाग, म्हणजे पेडल) मागच्या पायावरून पुढच्या पायावर आणायचं कारण लिफ्ट. चेअरलिफ्टवरून उतरताना मागचा पाय मोकळाच असतो. तेव्हा पंजे उघडले तर उतरणारा माणूस रॅम्पवरच तोंडावर आपटेल आणि मागची खुर्ची त्याच्यावर येईल. त्या निर्णयावर मी आजही ठाम आहे.

गॅरेजमध्ये हे यंत्र घड्याळासारखं चालायचं. डोंगरावर दोन-तीन फेऱ्या झाल्या की पंजे अर्धवट उघडायचे आणि चौथ्या फेरीनंतर उघडायचेच नाहीत. मला वाटलं, केबल गोठते. वाटण्यासारखंच होतं, हिवाळ्यात सायकल चालवणाऱ्यांना हा अनुभव असतो: हाउसिंगमध्ये (केबलवरच्या नळीत) पाणी शिरतं, त्याचा बर्फ होतो आणि ब्रेक दगड होतो. म्हणून मी आधी टेफ्लॉन अस्तराचं हाउसिंग घातलं. मग टोकांना रबरी सीलवाल्या टोप्या. मग सिलिकॉन स्प्रे. मग संपूर्ण केबल बदलून पॉलिश केलेली स्टेनलेस. प्रत्येक बदलानंतर शनिवारची वाट पाहायची, आय-सेव्हंटी महामार्गावरच्या गर्दीत अडीच तास काढायचे, आणि चौथ्या फेरीला पुन्हा तेच.

टोप्यांबद्दल एक सूचना. ऑनलाइन घेतलेल्या पहिल्या पाकिटावर ४ मिमी लिहिलं होतं, आत निघाल्या ४.५ मिमीच्या, आणि दुकानदाराने परत घ्यायला दहा दिवस लावले. आता मी तार, बुश आणि वॉशर मॅकमास्टर-कार या सुट्या भागांच्या पुरवठादाराकडूनच मागवते. तिथे जे माप छापलेलं असतं तेच हातात येतं, आणि प्रत्येक वस्तूचं रेखाचित्र आधी उतरवून घेता येतं. अशा कामात ते मला सवलतीपेक्षा मोलाचं वाटतं.

शेवटी फ्रीझरने उलगडा केला. तळघरातल्या आडव्या फ्रीझरमधून मोदकांचे डबे नि ओल्या नारळाच्या पिशव्या एका कोपऱ्यात सरकवल्या आणि फक्त केबल, हाउसिंगसकट, पाण्यात बुडवून, झटकून रात्रभर उणे १८ ला ठेवली. सकाळी ओढून पाहिली. थोडी कुरकुरली आणि सुटली. दुसऱ्या रात्री पुन्हा तसंच, सकाळी पुन्हा सुटली. स्प्रिंगच्या जोराच्या निम्म्यात सुटत होती. म्हणजे पाच आठवडे मी जिच्यामागे लागले होते ती केबल दोषी नव्हतीच.

मग पेडलकडे बघितलं, खरं बघितलं. पेडलची पट्टी मोकळी असताना बेसप्लेटपासून (बाइंडिंगच्या तळापासून) ९ मिमी वर असते. त्या पोकळीत बर्फ शिरतो, आपल्याला तो भुसभुशीतच दिसतो. पाय ठेवला की तो दाबला जातो. बुटाची ऊब त्याला किंचित ओलं करते, लिफ्टवरचा वारा पुन्हा गोठवतो, आणि दोन फेऱ्यांत तिथे काचेसारखी कडक वडी तयार होते. ती पट्टीला चिकटते आणि बेसप्लेटलाही. पाय काढल्यावर पट्टी वर येईल कशी? ती खालून धरून ठेवलेली असते. शिवाय वडी जाड झाली की पाय ठेवूनही पट्टी पूर्ण खाली जात नाही, त्यामुळे पंजे पूर्ण वर येत नाहीत. टो-साइडला (पायाच्या बोटांकडच्या कडेवर) वळताना मला दोनदा जो झटका बसला होता आणि ज्याचा दोष मी नोंद ६ मध्ये माझ्या एज-ट्यूनिंगला (बोर्डाच्या कडेला धार लावण्याला) दिला होता, तो हाच. पंजे पूर्ण वर असतील तर ते एजच्या बाहेर फक्त ६ मिमी येतात, आणि तेही टॉपशीटच्या (बोर्डाच्या वरच्या पृष्ठभागाच्या) वर. बुटाची टोकंच दीड सेंटिमीटर बाहेर असतात, त्यामुळे पंजे आधी टेकायचा प्रश्नच नाही. पण ते अर्धे खाली राहिले तर टेकणारच.

उपाय गिर्यारोहकांकडे आधीपासून होता. क्रॅम्पॉनच्या (बुटाखाली लावायच्या लोखंडी दात्यांच्या) खाली लवचीक पट्ट्या असतात, बर्फाचा गोळा साठू नये म्हणून. प्रत्येक पावलाला ती पट्टी आत-बाहेर होते आणि बर्फ झटकला जातो. तत्त्व साधं आहे: जागा मोकळी ठेवायची नाही, आणि जे तिथे भरायचं ते हलत राहिलं पाहिजे. पहिल्यांदा बाइंडिंगच्या फूटबेडसारखा (पायाखालच्या गादीसारखा) ईव्हीए फोम भरून बघितला. तो थंडीत कडक होतो आणि परत फुगायला वेळ लावतो. मग मुलीच्या जुन्या मफिनच्या साच्यातली सिलिकॉनची एक वाटी कापली आणि पेडलखाली उपडी बसवली, कड बेसप्लेटला पट्टीने दाबून. पाय ठेवला की वाटी बसते, काढला की उडी मारून वर येते. सिलिकॉन उणे ४० लाही मऊ राहतं आणि बर्फ त्याला धड चिकटत नाही. वाटीच्या कडेला २ मिमीचं एक भोक ठेवलंय, नाहीतर आतली हवा अडकून पेडल स्पंजासारखं लागतं.

शनिवारचे अकरा वेळा ते या वाटीचे. दहावी फेरी झाल्यावर मी पाय काढला आणि तो टक् आवाज ऐकला, दोन्ही पंजे एकदम खाली गेल्याचा. थंडीत तिथेच उभी राहून मी पाय ठेवून, काढून तो आवाज आणखी तीनदा ऐकला.

प्रत्यक्ष थांबण्याची चाचणीही केली. नेहमीप्रमाणे खाली सपाटी, आसपास कोणी नाही, आणि बोर्डाला १५ मीटर दोरी. दोरीशिवाय ही चाचणी कोणीही करू नका, लिफ्टवाल्या उतारावर तर दोरीनेही नको. उतार फोनवर १७ अंश. बोर्ड, बाइंडिंग आणि ब्रेक मिळून ५.३ किलो. हिशेबाने उतार त्याला सुमारे १५ न्यूटनने खाली ओढतो, त्यातले तीनेक न्यूटन वॅक्स केलेल्या बेसचं (बोर्डाच्या तळाचं) घर्षण खातं. उरलेले १२ पंजांनी पेलायचे, आणि बोर्ड आधीच पळत असेल तर त्याहून बरेच जास्त. दाबून गुळगुळीत केलेल्या बर्फावर, पंजे बेसखाली २५ मिमीच्या खाचेवर, तो सोडल्यापासून हातभरात थांबला. भुसभुशीत बर्फात मात्र २५ ला पंजे नुसते रेघ ओढत गेले. ४० ला लावल्यावर थांबला, तरी तीन मीटर घेतले. आणखी लांबी वाढवणं हा त्यावर उपाय नाही. मऊ बर्फात खोली लागते त्याहून जास्त रुंदी लागते. स्की-ब्रेकच्या टोकांना प्लास्टिकची चपटी पाती असतात ती याचसाठी. पुढच्या आवृत्तीत टोकाला नखाएवढं पातं लावणार. कडक बर्फावर उलट, १५ ची खाच आणि कानशीने काढलेलं टोक सर्वांत चांगलं धरतं, कारण पंजा आखूड असला की बिजागरीवरचा ताण कमी होतो. या तीन खाचांसाठी दातेरी वॉशर वापरलेत, बाइंडिंगच्या डिस्कला असतात तसे दात. हातमोजे न काढता खाच बदलता येते. हे मला फार आवडतं.

नव्या मंडळींपैकी एकाने विचारलंय की लीश आहेच, तर ब्रेक कशाला. लीश पुढच्या पायाला असते, ती आपण बोर्ड घालायच्या आधी अडकवायची असते, आणि पाय काढायचा म्हटलं की सोडावीच लागते. बोर्ड पळतो तो नेमका त्या क्षणी. बोर्ड उलटा ठेवा, बाइंडिंग बर्फात रुतवा, हे आपण सगळ्यांना सांगतो आणि ते बरोबरच आहे, पण दमलेल्या माणसाच्या हातून ते एकदा राहून जातं. २० अंशांच्या उतारावर सुटलेला बोर्ड, हवेचा अडथळा सोडला तर, ३० मीटरांत ताशी ४५ किलोमीटरच्या पुढे जातो. खाली मुलांचा क्लास असेल तर? कोलोरॅडोच्या १९७९ च्या स्की सेफ्टी अ‍ॅक्टमध्ये पट्टा किंवा सुटलेलं साधन थांबवणारी काहीतरी सोय हवी असं आहे, आणि आज त्यात स्नोबोर्डचं नाव स्पष्ट आहे. स्कीवाले पट्ट्यांवरून ब्रेककडे सत्तरच्या दशकात गेले, कारण पट्ट्याला बांधलेली स्की पडताना माणसालाच बडवायची. आपल्या खेळाची सुरुवात मिशिगनमधल्या मस्कीगनला १९६५ मध्ये शर्मन पॉपेन यांच्या स्नर्फर नावाच्या फळीने झाली, तिच्या नोजला (पुढच्या टोकाला) हातात धरायची दोरी होती. दोरीची जागा पुढे लीशने घेतली. बाइंडिंग आपोआप सुटत नाही म्हणून ब्रेकचा विचार तिथेच थांबला, असं मला वाटतं.

इथपर्यंत काल रात्री लिहिलं होतं. आज सकाळी पुन्हा वाचताना एक गोष्ट ध्यानात आली आणि पुढचा सगळा बेत बदलला.

पंजे मागच्या पायापाशी का आहेत? कारण नोंद २ मध्ये चालक मागच्या पायाखाली होता. चालक पुढे आणला, पंजे तिथेच राहिले, आणि मधलं अंतर भरायला केबल आली. केबल ही जुन्या निर्णयाची शिल्लक आहे. पंजे पुढच्या बाइंडिंगला लागून, आतल्या बाजूला आणले तर केबल लागतच नाही. पेडल आणि पंजे एकाच ५ मिमी तारेत वाकवता येतात: मधे अक्ष, नोजकडे पेडल, टेलकडे (मागच्या टोकाकडे) दोन पंजे. पेडल खाली गेलं की पंजे वर, अगदी सी-सॉ. बाइंडिंगच्या आतल्या भिंतीत पाडलेली २२ मिमीची खाच आहे तीच पुरेल. (पुन्हा सांगते, खाच पाडलेलं बाइंडिंग कमजोर होतं. माझं जुनं आहे आणि मी ते फक्त ग्रीन रनवर (सर्वांत सोप्या उतारांवर) वापरते.)

एकच शंका होती. पंजे पुढे असले आणि बोर्ड नोज पुढे करून सुटला, तर ओढ वजनाच्या केंद्राच्या पुढून लागेल आणि बोर्ड स्थिर राहणार नाही. दुपारी जवळच्या बागेतल्या घसरगुंडीच्या टेकाडावर जाऊन, जुने पंजे तात्पुरते पुढच्या इन्सर्टवर बसवून, दोरी लावून बघितलं. बोर्ड दोन मीटर सरळ गेला, मग गर्रकन फिरला, टेल खाली आली, पंजे वरच्या अंगाला गेले आणि तो थांबला. पाचही वेळा तसंच. फिरणं अपायकारक नाही, उलट फिरण्यातच त्याचा वेग जातो.

ही कडक पोलादी तार वाकवण्याबद्दल भोसरीच्या काकांना फोन केला. त्यांनी तीस वर्षं स्प्रिंगच्या वर्कशॉपमध्ये काढली आहेत. मी म्हटलं, "काका, पियानो वायर आहे, पाच मिलिमीटर, व्हाइसमध्ये वाकवू का?" ते म्हणाले, "वाकव, पण कोपरा करू नकोस. तारेच्या दुपटीची तरी त्रिज्या ठेव. आणि ती परत उघडते, म्हणून हवं त्यापेक्षा जास्त वाकव." मग थांबून म्हणाले, "अगं, आणि वाकवल्यावर भाजलीस का? नाही भाजलीस तर महिन्याभरात त्याच वळणावर तुटेल." म्हणजे ताण काढायचा: २३० अंशांना अर्धा तास, घरच्या ओव्हनमध्ये होतं. स्टेनलेसला याहून जास्त उष्णता लागते, ती घरी होणार नाही, म्हणून पियानो वायरच घेणार आणि गंज लागू नये म्हणून वर पावडर कोटिंग करून घेणार. टॉर्शन स्प्रिंगबद्दलही त्यांनी एक चूक पकडली. ती पिळताना तिचा व्यास कमी होतो, आणि ती ज्यावर बसते त्या खिळीवर मी फक्त ०.३ मिमी मोकळीक ठेवली होती. नवी खिळी १ मिमीने बारीक करतेय.

दोन वळणं आज संध्याकाळी झाली. पहिलं ९० च्या ऐवजी ८४ ला येऊन थांबलं, दुसरं मी ९७ पर्यंत नेलं आणि ते बरोबर ९० ला बसलं. पंजांची वळणं बाकी आहेत. ती करायच्या आधी मला तुमची मापं हवीत. ज्यांच्याकडे २×४ इन्सर्ट (दोन बाय चार सेंटिमीटर अंतरावरची भोकं) किंवा चॅनलवाले (भोकांऐवजी लांब खाच असलेले) बोर्ड आहेत त्यांनी पुढच्या बाइंडिंगच्या आतल्या भिंतीपासून पहिल्या रिकाम्या इन्सर्टच्या मध्यापर्यंतचं अंतर (चॅनल असेल तर तिथे किती खाच मोकळी राहते ते), आणि त्या जागी बोर्डाची रुंदी कळवा. माझ्या बोर्डावर ५८ मिमी आणि २५४ मिमी येतात. बाइंडिंग तुमच्या नेहमीच्या कोनात घट्ट बसवूनच मोजा, शून्यावर ठेवलं तर भिंत वेगळ्या जागी येते. आणि स्क्रू किती लांबीचे आहेत तेही बघा. ब्रेकची प्लेट ३ मिमीची आहे म्हणून मी एम६ चे १९ मिमी स्क्रू वापरले. प्लेट नसताना तेच चुकून लावले तर बेसला खालून फुगवटा येतो, आणि तो परत बसवता येत नाही.